रुळांमधलं अंतर: गेज आणि नॅरोगेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेच्या गेजबद्दल विचारणा आली की ती बहुधा खालच्यापैकीच एखादी असते. म्हणून सगळे प्रश्न एके ठिकाणी आणले आहेत, सोपे आधी आणि किचकट मागाहून. जे एकदा सांगून झालं ते पुन्हा उगाळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गेज म्हणजे नेमकं काय? रुळाच्या मध्यापासून मोजतात की कडेपासून?

एका रुळाच्या आतल्या कडेपासून समोरच्या रुळाच्या आतल्या कडेपर्यंत. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक उंच काठ असतो. तो रुळाच्या आतल्या अंगाला राहतो, म्हणून मोजायचं ते आतलं अंग. रुळाचा माथा वरून गोलसर असल्यामुळे माप अगदी वरून न घेता साधारण १४ मिमी खालून घेतात. वळणावर चाकं आवळली जाऊ नयेत म्हणून हेच अंतर काही मिलिमीटर सैल सोडतात. त्यामुळे पुस्तकातला आकडा आणि वळणावरचा आकडा जुळला नाही तर कुणाची चूक समजू नका.

२. बहुतेक जगात १४३५ मिमीच का? रोमन रथाची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट फर्मास आहे, पण खरी नाही. रोमन रथाच्या चाकांतलं अंतर जसंच्या तसं रुळांपर्यंत उतरत आलं, असं दाखवणारा धागा कुठेच सापडत नाही. घोड्यामागे जोडायची गाडी फार रुंद किंवा फार अरुंद करून चालत नाही, तेवढंच त्यात तथ्य.

आकडा आला तो इंग्लंडच्या ईशान्येकडच्या कोळसाखाणींतून. तिथे घोड्यांनी ओढायच्या वाघिणींसाठी, म्हणजे मालाच्या डब्यांसाठी, रूळ टाकलेले असत आणि प्रत्येक खाणीची रुंदी वेगळी. जॉर्ज स्टीफन्सन ज्या किलिंगवर्थच्या खाणीवर इंजिनं बांधायला शिकला, तिथे ती ४ फूट ८ इंच होती. पुढे त्याने तेच माप सगळीकडे नेलं. १८३० साली सुरू झालेल्या लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गावर चाकांना थोडी मोकळीक हवी म्हणून त्यात अर्धा इंच वाढवला. झाले ४ फूट साडेआठ इंच, म्हणजेच १४३५ मिमी.

हे माप सर्वांत चांगलं म्हणून जिंकलं का? नाही. इंजिनिअर ब्रुनेलने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी २१४० मिमीचे रूळ घातले होते, आणि १८४५ साली चौकशी आयोगासमोर झालेल्या चाचण्यांत त्याच्याच गाड्या सरस ठरल्या. पण तोवर स्टीफन्सनच्या मापाचे रूळ कितीतरी जास्त पडले होते. १८४६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये नव्या मार्गांसाठी १४३५ ठरवून टाकलं. गेजच्या इतिहासात असंच चालतं. आधी पडलेला रूळ नंतरच्या हुशारीला भारी पडतो.

३. नॅरोगेज नक्की कशाला म्हणायचं? मीटरगेज त्यात येतं का?

जगाच्या हिशोबाने १४३५ पेक्षा कमी ते सगळं नॅरो. म्हणजे १००० मिमीचं मीटरगेजही नॅरो, आणि जपान, दक्षिण आफ्रिका, क्वीन्सलँडचं १०६७ मिमीही नॅरो. भारतात मात्र ‘नॅरो’ म्हटलं की ७६२ आणि ६१० मिमी, मीटरगेजला वेगळं नाव. त्यामुळे स्विस किंवा जपानी माहितीत ‘नॅरोगेजचं मोठं जाळं’ असं वाचून आपल्याकडचे लोक बुचकळ्यात पडतात. डोळ्यांसमोर माथेरानची गाडी येते, आणि तिकडे तर ‘नॅरो’ म्हणवणाऱ्या रुळांवरून जेवणाचा डबा जोडलेली एक्सप्रेस धावत असते.

४. रूळ जवळ आणून असा काय फायदा होतो?

दोन फायदे: वळण आणि पैसा.

आधी वळणाचं पाहू. गाडी काटकोनात वळली की बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब पडतो. किती? गेजच्या साधारण १.५७ पट. १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजवर हा फरक २.६३ मीटर भरतो, ६१० मिमीवर ९६ सेंटिमीटर. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसाला पक्की बसवलेली असतात, दोन्हींचे फेरे सारखेच होतात. चाकं किंचित निमुळती असल्याने थोडा फरक भरून निघतो, उरलेला घसटत भरावा लागतो. गंमत अशी की वळण मोठं असो वा छोटं, फरक तेवढाच राहतो. छोट्या वळणावर तो थोडक्या अंतरात उरकावा लागतो, म्हणून चाकं किंचाळतात. शिवाय अरुंद रुळांवरचे डबे आखूड असतात आणि त्यांची चाकं जवळजवळ, खरं तर अर्धं काम तेच करतात. भारतीय रेल्वेच्या नियमांत ब्रॉडगेजला किमान १७५ मीटर त्रिज्या लागते, मीटरगेजला १०९ आणि नॅरोगेजला ४४. दार्जिलिंगच्या सर्वांत अवघड वळणाची त्रिज्या तर २० मीटरच्याही आत आहे. गाडीचं तोंड आणि शेपूट तिथे एकमेकांना बघू शकतात.

आता पैसा. डोंगराच्या कडेला रस्ता कापायचा तर प्रत्येक हातभर रुंदीला खडक फोडावा लागतो. बोगदा लहान, पूल हलका, रूळ बारीक. इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत याचा हिशोब शेवटच्या टोकापर्यंत नेला. इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशीच सगळी गाडी त्याने आखली. एवढा हलका भार म्हटल्यावर रूळही हलके चालले. प्रदेश सपाट होता, वळणांचा प्रश्न नव्हता, तरीही ७६२ मिमी परवडलं ते यामुळे.

५. पहिली नॅरोगेज रेल्वे कुठली?

खाणींत अरुंद रूळ फार आधीपासून होते, त्यामुळे ‘पहिली’ म्हणण्यात अर्थ नाही. पण जगाने जिच्याकडे पाहून धडा घेतला ती वेल्समधली फेस्टिनियोग. ५९७ मिमीचे रूळ, सुरुवात १८३६. पाटीच्या दगडाने भरलेल्या वाघिणी डोंगरावरून बंदरापर्यंत उताराने आपोआप घरंगळत येत. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे लागत, आणि हे घोडे खाली येताना त्याच गाडीच्या एका खास वाघिणीत उभे राहून येत. वर ओढा, खाली बसून या, असा त्यांचा दिवस. १८६३ साली वाफेची इंजिनं आली. मग फेअर्लीची दुतोंडी इंजिनं आली: मध्ये चालक, दोन्हीकडे बॉयलर, आणि चाकांचे दोन गट स्वतंत्रपणे वळणारे. इतक्या अरुंद रुळांवर एवढा भार ओढला जातो हे बघायला दूरदूरच्या देशांतून इंजिनिअर आले.

भारतात १८६२ साली बडोदा संस्थानात डभोई–मियागाम नॅरोगेज सुरू झाली, तेव्हा गाड्या बैल ओढत होते.

६. भारतात एवढी वेगवेगळी गेजं कशी आली?

१८५३ साली बोरीबंदर–ठाणे गाडी धावली ती १६७६ मिमीवर. लॉर्ड डलहौसीने ऐसपैस माप निवडलं होतं. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेतही तेच माप आहे. अर्जेंटिना आणि चिलीतही आहे, अगदी सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट मेट्रोतही. म्हणून त्याला निव्वळ ‘भारतीय गेज’ म्हणणं अपुरं.

ते महाग पडतं असं लक्षात आल्यावर व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात १८७० च्या सुमारास स्वस्त माप शोधणं सुरू झालं. देशात दशमान मापं येणार अशी तेव्हा चर्चा होती, म्हणून नेमका एक मीटर. दशमान मापं यायला पुढे जवळपास नव्वद वर्षं लागली, रूळ मात्र लगेच पडले. डोंगर आणि आडबाजूची संस्थानं यांसाठी ७६२ आणि ६१० ही आणखी लहान मापं आली. कालका–शिमला आधी ६१० मिमीची ठरली होती. युद्धात रूळ आणि गाड्या एकीकडून दुसरीकडे हलवता याव्यात म्हणून लष्कराला एकच माप हवं होतं, त्यामुळे ती ७६२ ची झाली. १९९२ पासून मुख्य जाळं एका गेजवर आणायचं काम सुरू आहे.

७. आणि ऑस्ट्रेलियात? तिथे तर एकच राज्यकर्ते होते.

तिथला घोळ माणसांनी केला. न्यू साउथ वेल्सचा इंजिनिअर आयरिश होता. त्याच्या सांगण्यावरून आयर्लंडचं १६०० मिमी ठरलं आणि शेजारच्या व्हिक्टोरियानेही ते मान्य केलं. मग तो इंजिनिअर नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या स्कॉटिश इंजिनिअरने १४३५ चा आग्रह धरला आणि न्यू साउथ वेल्सने शब्द फिरवला. व्हिक्टोरियाने तोवर गाड्यांची मागणी नोंदवून टाकली होती, ते हटले नाहीत. क्वीन्सलँडने १८६५ साली काटकसर म्हणून १०६७ घेतलं.

परिणाम ऑल्बरी स्टेशनावर दिसायचा. सिडनीहून मेलबर्नला जाणारे सगळे प्रवासी बोचकी घेऊन खाली उतरत आणि एकाच लांबलचक फलाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत बसत. हे १९६२ पर्यंत चाललं. सिडनी ते पर्थ अखंड १४३५ मिमीचा मार्ग व्हायला १९७० उजाडलं.

८. रशियाने शत्रूच्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून मुद्दाम रुंद रूळ घातले ना?

असं सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं दिसत नाही. सेंट पीटर्सबर्ग–मॉस्को मार्ग १८५१ साली पुरा झाला, ५ फुटांच्या रुळांवर. त्याचा सल्लागार जॉर्ज व्हिस्लर अमेरिकन होता आणि अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा ५ फुटांचं, म्हणजे १५२४ मिमीचंच चलन होतं. शिवाय संरक्षणासाठी तो उपाय फारसा कामाचाही नाही. लाकडी स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांवर) रूळ आत सरकवणं सोपं, कारण स्लीपर आधीच लांब असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी एक रूळ खिळे काढून आत ठोकला आणि गाड्या पुढे नेल्या.

स्पेनबद्दलही हीच कथा फ्रान्सच्या आक्रमणाचं नाव घेऊन सांगतात. तिथे १८४४ च्या अहवालात कारण सरळ लिहिलेलं आहे: देश डोंगराळ, इंजिनाला मोठा बॉयलर हवा, म्हणून रुंद रूळ.

९. गेज बदलतं तिथे गाडीचं काय करतात?

सगळ्यात जुना उपाय ऑल्बरीचा (प्रश्न ७): माणसं उतरवा, माल हमालांकडून हलवा. गेजचं खरं दुखणं इथे आहे. ६१० मिमी वाईट नाही आणि १६७६ चांगलं नाही. दोन मापं जिथे भेटतात तिथे वेळ आणि पैसा गळतो.

दुसरा उपाय चाकं बदलण्याचा. चीन–मंगोलिया सीमेवर गाडी एका मोठ्या शेडमध्ये नेतात, डबे एकमेकांपासून सोडवतात, आणि प्रत्येक डबा जॅकवर माणसांसकट वर उचलतात. खालच्या बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, ढकलून बाहेर, नव्या मापाच्या आत, डबा हळूच खाली. या शेडमध्ये दोन्ही मापांचे रूळ एकात एक घातलेले असतात. यात काही तास जातात. प्रवासी खिडकीतून शेजारचा डबा हवेत लटकलेला बघत बसतात.

तिसरा उपाय स्पेनच्या ताल्गो कंपनीचा, आणि मला विचाराल तर रेल्वेतली ही सर्वांत देखणी युक्ती. ताल्गोच्या डब्याला आरपार आस नसतो, प्रत्येक चाक सुटं. गाडी अगदी हळू एका चौकटीत शिरते. डब्याचं वजन बाजूच्या पट्ट्या तोलतात, चाकांवरचा भार जातो, चाक धरून ठेवणारी खिट्टी सुटते, तिरप्या पट्ट्या चाकाला आत किंवा बाहेर ढकलतात, खिट्टी पुन्हा बसते. गाडी थांबतच नाही. १९६९ पासून बार्सिलोना–जिनिव्हा गाडी असंच माप बदलत फ्रान्समध्ये जाऊ लागली. १९९२ साली स्पेनने माद्रिद–सेव्हिल वेगवान मार्ग १४३५ वर बांधला, तेव्हा हीच युक्ती देशातल्या देशात कामी आली.

स्वित्झर्लंडच्या माँत्रो–इंटरलाकेन गाडीत डिसेंबर २०२२ पासून याच्याही पुढची पायरी आहे. १००० वरून १४३५ वर जाताना चाकं तर सरकतातच, शिवाय पुढच्या फलाटांची उंची वेगळी म्हणून डबाही वर उचलला जातो.

१०. एवढी यातायात कशाला? मध्ये तिसरा रूळ टाकला की झालं!

बऱ्याच ठिकाणी टाकतात. बांगलादेशात यमुनेवरच्या पुलावर ब्रॉड आणि मीटर दोन्ही गाड्यांसाठी तीन रूळ घातले गेले. एक रूळ सामाईक, दुसरीकडे दोन.

अडचण तेव्हा येते जेव्हा फरक कमी असतो. रुळाचा खालचा पाया साधारण दीड वीत रुंद नसला तरी १३०–१५० मिमी असतोच. १४३५ आणि १५२० (रशियाचं आजचं माप, प्रश्न १४) मध्ये फरक फक्त ८५ मिमी. दोन रूळ एवढ्या जवळ बसतच नाहीत, पाय पायात अडकतो. मग चार रूळ घालावे लागतात, एक जोडी दुसरीपासून थोडी सरकवून. १००० आणि १०६७ चीही हीच गत. तीन रुळांतही कटकटी आहेत. गाडीचा मध्य एका बाजूला सरकतो, त्यामुळे फलाट आणि डबा यांच्यातली फट गाडीगणिक बदलते, आणि सांधे तर इतके गुंतागुंतीचे होतात की देखभाल करणारे वैतागतात.

११. अख्ख्या जाळ्याचं गेज बदलायला किती वर्षं लागतात?

कधी वर्षं, कधी दीड दिवस. ३१ मे आणि १ जून १८८६ ला अमेरिकेच्या दक्षिणेत साधारण १८,००० किलोमीटर मार्ग ५ फुटांवरून ४ फूट ९ इंचांवर आणला गेला. तयारी आधीच झाली होती. आतल्या नव्या जागेवर खिळे ठोकून ठेवले होते, चाकं जुळवून ठेवली होती. त्या दिवशी टोळ्यांनी फक्त एक रूळ तीन इंच आत घेतला आणि पुढे चालत गेले.

ब्रुनेलच्या रुळांचा शेवट मे १८९२ मध्ये झाला, तोही एका शनिवार-रविवारी. मात्र तिथे स्लीपर आडवे नव्हते, रुळाखाली उभ्या लांब तुळया होत्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. प्रत्येक तुकडा कापून तुळई रुळासकट आत सरकवावी लागली.

हे जमलं कारण दोन्हीकडे माप कमी करायचं होतं (स्लीपरचं कारण प्रश्न ८ मध्ये आलंच आहे). माप वाढवायचं तर स्लीपर, पूल, बोगदे, वळणं, फलाट सगळं नव्याने. म्हणून नॅरोगेजचं ब्रॉडगेज होताना गाडी वर्षानुवर्षं बंद राहते.

१२. नॅरोगेज म्हणजे हळू, हलकी, छोटी गाडी, बरोबर?

या प्रश्नाला उत्तरादाखल तीन आकडे पुरे. दक्षिण आफ्रिकेत १९७८ साली १०६७ मिमीवर एका इंजिनाने चाचणीत ताशी २४५ किलोमीटर गाठले. त्याच देशात सिशेन–साल्दान्हा या ८६१ किलोमीटरच्या मार्गावर लोहखनिजाच्या गाड्या जवळपास ४ किलोमीटर लांब असतात, रूळ तेच १०६७. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रेटियन रेल्वेने मीटरगेजवर १०० डब्यांची, १.९ किलोमीटर लांब प्रवासी गाडी वळणावळणाच्या उतारावरून चालवून विक्रम केला.

तरी जपानने १९६४ ची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, १०६७ वर न बांधता १४३५ वर बांधली, कारण रोजच्या धावण्यात तेवढा वेग हवा तर रुंद बैठक आणि मोठी वळणं दोन्ही लागतात. ६१० मिमीचं म्हणाल, तर हो, तिथे हळूच जायचं असतं.

१३. डोंगरी रेल्वे म्हणजे नॅरोगेज आणि मधे दातेरी रूळ, असंच असतं ना?

तिन्ही गोष्टी वेगळ्या. निलगिरीच्या गाडीला दातेरी रूळ आहे, पण गेज मीटर. दार्जिलिंग ६१० मिमी, दाते नाहीत, चढ फेऱ्यांनी आणि मागे-पुढे झिगझॅगने चढते. स्वित्झर्लंडची बर्निना मीटरगेजवर ७ टक्के चढ दात्यांशिवाय चढते. आणि उंचीचा विक्रम तर १४३५ मिमीच्या चिंघाई–तिबेट मार्गाचा आहे, ५,०७२ मीटर. खर्च करायची तयारी असेल तर डोंगर कुठल्याही गेजने चढता येतो.

१४. दोन देशांचं गेज एकच आहे, तरी एकाची गाडी दुसऱ्याकडे का चालत नाही?

गेज ही फक्त पहिली अट. डबा किती रुंद-उंच असावा याची चौकट वेगळी असते. ब्रिटनचे बोगदे आणि पूल जुने, तोकडे. गेज १४३५ असलं तरी युरोपातला साधा डबा तिथे फलाटाला घासेल, म्हणून सुरुवातीच्या युरोस्टार गाड्या मुद्दाम सडपातळ बांधल्या. शिवाय विजेचा दाब, सिग्नल, डबे जोडायचा हुक, हेही जुळावं लागतं.

याचा उत्तम नमुना जपानच्या यामागाता मार्गावर आहे. १९९२ साली शिंकान्सेन थेट जावी म्हणून त्याचं गेज १०६७ वरून १४३५ केलं, पण बोगदे तेच ठेवले. त्यामुळे तिथल्या गाड्या अरुंद. त्या मुख्य शिंकान्सेनच्या फलाटावर लागतात तेव्हा दाराखालून एक पायरी उलगडून फट झाकते.

उलटही घडतं. फिनलंडचं गेज १५२४ आणि रशियाचं १५२०, कारण सोव्हिएत काळात १९७० च्या सुमारास ते ४ मिमीने आवळलं. कागदावर दोन गेजं, पण गाड्या आरपार जात. हेलसिंकी–सेंट पीटर्सबर्ग गाडीची चाकं मधल्या १५२२ वर बसवलेली होती.

१५. फोटोवरून गेज ओळखता येतं का?

अंदाज बांधता येतो. डब्याची रुंदी आणि रुळांतलं अंतर यांची तुलना करा. ब्रॉडगेजवर डबा रुळांच्या जेमतेम दुप्पट असतो, ६१० मिमीवर तो रुळांच्या तिप्पटही दिसतो, म्हणजे खुर्चीवर पलंग ठेवल्यासारखा. चाकाचा व्यासही बघा. मग स्लीपर: जुन्या लाकडी स्लीपरची टोकं दोन्हीकडे प्रमाणाबाहेर बाहेर आली असतील तर रूळ कधीतरी आत सरकवलेले असू शकतात.

१००० आणि १०६७ मात्र डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. तिथे स्टेशनाची पाटी वाचा. पाटी टांझानियाची निघाली तर तीही कामाची नाही, कारण त्या देशात दोन्ही आहेत.